टेकू आजाचं मुकं मडकं

एक वेळ सोडली तर टेकू आजाला कशाला तरी टेकल्यावाचून उभा राहिलेला मी कधी पाहिला नाही. अंगणात असला की मोहाच्या खोडाला, घरात असला की मधल्या खांबाला, म्हणजे मेढीला, बांधावर असला की काठीला, आणि जवळ यातलं काहीच नसलं तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्याला. माझ्या खांद्याला तो इतका टेकला आहे, की टपालाची थैली जड की आजा, असं कोणी विचारलं तर मला पटकन उत्तर देता येणार नाही. त्याचं खरं नाव लखमा. पण ते नाव फक्त त्याची बायको बुधी घेई, आणि तेही भडकल्यावर. एरवी नवऱ्याचं नाव घ्यायची रीतच नव्हती. बाकी सगळ्या पाड्याचा तो टेकू.

"जरा टेकतां," हे त्याचं पहिलं वाक्य आणि बहुतेक वेळा शेवटचंही. मी एकदा विचारलं, "आजा, एवढा दमतोस तरी कशानं?" तर म्हणाला, "जन्मलो तवाच दमलो व्हतो. आई बोलाची, पोर रडला बी नाय, नुसता उसासला." हे सांगतानाही त्याने मध्ये एकदा दम खाल्ला. थट्टा करतोय की खरं सांगतोय, ते त्याच्या तोंडावरून कधी कळत नसे.

मी त्या काळी टपालाचा हरकारा होतो. जव्हारला राजांची राजवट होती, रस्ते म्हणण्यासारखे नव्हते, आणि टपाल माणसाच्या पायांवर चाले. जव्हारहून थैली घेऊन मी निघे, मोखाड्याहून गंग्या नावाचा दुसरा हरकारा निघे, आणि साधारण निम्म्या वाटेवर टेकू आजाच्या अंगणातल्या मोहाखाली आम्ही थैल्या बदलून आपापल्या वाटेने परत फिरत असू. मी वेळेवर पोहोचे. गंग्या नेहमी उशिरा येई. त्याच्या पायांत जोर नव्हता की घरून निघायचीच त्याला इच्छा नसे, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही. पण त्याच्या उशिरामुळेच माझी आणि आजाची ओळख झाली. हरकाऱ्याच्या काठीचे घुंगरू काढून ठेवायचे, पाय पसरायचे आणि वाट बघायची. तरणा होतो, तरी त्या चढउतारांनी पोटऱ्या अशा भरून येत, की परत निघायचं या विचारानेच डोळ्यांत पाणी यावं. आता तर ओसरीवरून माजघरात जायचं म्हटलं तरी मी आधी मनाची तयारी करतो.

बुधी आजी होती तोवर ते थांबणं सुखाचं होतं. गेल्या गेल्या नाचणीची आंबील मिळे, आणि सणावाराला, थैली गंग्याच्या स्वाधीन करायच्या आधी नव्हे तर नंतर, पळसाच्या द्रोणात घोटभर मोहाची. संस्थानात दारू गाळायचा मक्ता दिलेला होता आणि घरी गाळणं हा गुन्हा होता. पण दुकानातली दारू देवाला चालत नाही, यावर पाड्यावरच्या माणसांचं इतकं एकमत होतं, की घरोघरी चूल पेटेच. बुधी आजीच्या हातची तर आजूबाजूच्या पाड्यांवर नाव घ्यावं अशी. पाण्यासारखी निवळ, जिभेवर आधी गोड आणि मग घशातून खाली एक ऊब उतरत जाई. पायांचं दुखणं कुठल्या कुठे पळे. मला तिच्याइतकं कोणत्याही वैद्याने बरं केलेलं नाही.

ती मडक्याला कान लावून बसे. फुलं पाण्यात घालून मडकं कोपऱ्यात ठेवलं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून त्यात बारीक सळसळ सुरू होते. तिला ती मडक्याचं बोलणं म्हणे. "बोलतां हाय, तवर हात लावाचा नाय. गप जालां का चुलीवर." एवढीच तिची सगळी विद्या, आणि तीही तिने नवऱ्याला शिकवली नव्हती. ते बायांचं काम. आजाचं काम म्हणजे मेढीला टेकून द्रोण रिकामा करायचा आणि "हां" म्हणायचं. जन्मभर त्याने ते काम मन लावून केलं.

शेजारच्या जानकीची दारू मात्र बुधी आजीला चालत नसे. जानकी दाभोसा गावची लेक, लग्न होऊन या पाड्यावर आलेली, कामाला वाघ, तोंडाने तिखट. दोघींची घरं समोरासमोर आणि दोघींचं भांडण कायमचं. "तिची दारू नाय ती, तिचा सोभाव हाय, उकलून काढलेला," असं बुधी आजी म्हणे, आणि ते जानकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे.

ती गेली वैशाखात. चार दिवस ताप आला आणि गेली. मोहाची फुलं वेचून, वाळवून, कणगी गळ्यापर्यंत भरून ठेवली होती. तेवढं काम उरकून मगच पडली. शेवटच्या दिवशी तिने आजाला जवळ बोलावलं आणि काय सांगितलं असेल? ना शेताचं, ना बैलाचं. म्हणाली, "माज्या दिसाला जानकीचे हातची वतलीस, तं मी उठून जाईन. घरची वत." आजाने हां म्हटलं. जन्मभराची सवय.

दिस म्हणजे काय ते सांगायला हवं. पाड्यावर माणूस गेलं की लगेच सगळं संपत नाही. पुढे पीक घरात आलं, चार माणसांना जेवू घालायची ऐपत झाली, की कामडी बोलवायचा. कामडी म्हणजे मेलेल्याची गाणी म्हणून त्याला वाटेला लावणारा. त्या दिवशी घरच्या मडक्यातली दारू जमिनीवर ओतली, की मेलेल्या माणसाला वाडवडलांच्या पंगतीत बसायला जागा मिळते. तोवर ते उंबऱ्याबाहेर उभंच असतं. दिस लावायला उशीर झाला तर चालतो, लोक वर्षं वर्षं थांबतात. पण घरची दारू लागते. आणि टेकू आजाच्या घरात ती गाळणारं आता कोणी उरलं नव्हतं. पोरंबाळं जगली नव्हती, सून नव्हती, लेक नव्हती. शेजारणींपैकी कोणी येऊन त्याच्या चुलीवर गाळून दिली असती, तशी त्यांनी विचारणाही केली. आजा नको म्हणाला. "ती घरची बोलली. घरात आथां मीच हाय," म्हणाला.

हे मला सांगितलं तेव्हा तो मोहाला टेकला होता. मी हसलो. चुलीपुढे बसलेला आजा डोळ्यांपुढे येईना. तो मात्र हसला नाही. "डाकवाल्या, उबां राहनां म्हंजे काय त्यां मना ठावं हाय," तो म्हणाला. "मी सारा जलम टेकलो, तरी पाय दुखतात. ती तथं भाईर उबी हाय. टेकाला काय हाय का तिना, कोन जाने." त्यानंतर मला त्या गोष्टीवर हसता आलं नाही.

सुतकात रीतीप्रमाणे घरातली मातीची भांडी फोडली होती, म्हणून नवी आणायची होती. पहिलं मडकं मीच जव्हारच्या कुंभाराकडून आणलं, एका खांद्यावर सरकारी थैली आणि दुसऱ्या खांद्यावर मडकं. वाटेत भेटेल त्याने विचारावं, टपालात आता मडकी पण जातात काय? आजाने कणगीतून फुलं काढली, ओढ्यावर नेऊन स्वच्छ चोळून धुतली, पाणी घातलं, फडकं बांधलं आणि बसला. पुढच्या फेरीला मी गेलो तर म्हणाला, "कान लाव." मी कान लावला. आत चिडीचूप. त्याच्या पुढच्या फेरीलाही चिडीचूप. मग त्याला वाटलं, आपण बहिरे झालो असू. गप्प झालंय म्हणजे बोलून झालं असेल, म्हणून त्याने ते चुलीवर चढवलं. मडक्यावर उपडं मडकं, सांध्याला चिखल, वरच्यातून निघालेली बांबूची नळी आणि नळीच्या तोंडाशी गार पाण्यात ठेवलेलं गाडगं, सगळं बुधी करायची तस्सं मांडलं. थेंब थेंब जे पडलं ते त्याने द्रोणात घेतलं आणि मला म्हणाला, "जीभ भाईर काढ." उकळलेल्या पाल्याला जसा वास यावा तसं ते कोमट पाणी होतं. मी म्हटलं, "आजा, हे पाणी आहे." तो म्हणाला, "हां."

तेव्हापासून माझी जीभ त्या कामाला जुंपली गेली. मी आलो की आधी जीभ बाहेर काढायची, मग घुंगरू सोडायचे. दुसरी खेप बुरशीने पांढरी झाली. आजा शेवटी शोधत शोधत एवढ्यापर्यंत आला, की फुलं इतकी धुवायची नसतात, गोडवा ओढ्याला जातो. "मासे प्याले आसतील माजी दारू," तो म्हणाला. तिसऱ्या खेपेला पावसाळा लागला, घर गारठलं, मडकं पुन्हा मुकं. मग त्याने त्याला घोंगडी गुंडाळली, आणि घोंगडीवरून स्वतः टेकून बसला. दिवसेंदिवस. शेतात भातरोपांची आवणी चालली होती, चिखलात लोकांच्या कमरा मोडत होत्या, आणि हा घरात मडक्याला टेकून. पाड्यावर त्याची एवढी थट्टा झाली, की गंग्यासुद्धा हसत आला, आणि गंग्याला मी त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. पण त्या उबेने आत काहीतरी हललं. मी कान लावला तर अगदी बारीक, कोणीतरी झोपेत पुटपुटावं इतकी सळसळ. आजाने माझा हात धरला.

ती खेप आंबट निघाली. इतकी आंबट की डोळे आपोआप मिटले. सळसळ पुरती लागेना, अर्ध्यावरच अडून बसे, आणि आजा वाट बघत राही तोवर मडक्यात आंबटाण शिरे. त्याच्या पुढची करपली. दमलेला माणूस चुलीपुढे फार वेळ बसू शकत नाही, म्हणून त्याने जाळ मोठा केला आणि फुलं बुडाला लागली. "घाई कोनाला जास्ती आसते? दमलेल्या मानसाला," तो म्हणाला. "लवकर हून जावं नी टेकावं, एवडांच त्याना पायजे." पुढे तो जाळ बारीक ठेवायला शिकला, एकेक काटकी सारत. नळीवर ओला पाला टाकून ती गार ठेवायला शिकला. खेपेगणिक काहीतरी नवं कळत होतं आणि तरी द्रोणात येत होतं ते आंबटच. शिकण्यासारखं सगळं शिकून झालं होतं, असं मला वाटे. मग राहत होतं काय?

त्या आंबट दिवसांतलाच एक प्रसंग. मक्तेदाराचा शिपाई धुराचा माग काढत अंगणात आला. कमरेला पट्टा, मिशीला पीळ. मी पडवीत बसलेलो. नोकरी जाते आता, असं वाटून माझ्या तोंडचं पाणी पळालं. शिपायाने नळीखालचं गाडगं उचललं, वास घेतला, तोंडाला लावलं आणि अंगणभर थुंकला. "ही दारू असेल तर मी दिवाणसाहेब," तो म्हणाला. "काढा आहे हा. चालू द्या, म्हातारबाबा." आणि निघाला. दुसरा कोणी असता तर देवाचे आभार मानले असते. आजा मेढीपासून सुटून त्याच्या मागे गेला. "दारू हाय ती! मक्त्याचा मानूस तू, तुना कलत नाय? मना धर, जव्हारला ने!" शिपाई मान हलवत उतार उतरला. आजा खाली बसला आणि मला म्हणाला, "त्यानां धरलां आसता, तं मना वाटलां आसतां का जाली." मला हसू येत होतं, ते मी आवरलं.

कारण कणगी उतरत चालली होती. प्रत्येक खेपेला आजा बोटाच्या पेराने कणगीवर वाजवून बघे. आधी भरलेला ठप्प आवाज यायचा, मग पोकळ यायला लागला, वरून खाली, हळूहळू. मोहाला पुन्हा फुलं येणार ती होळीच्या सुमाराला. पण ती फुलं बुधीने वेचलेली नसणार. आजाचं म्हणणं, घरची म्हणजे तिच्या हातची फुलं तरी हवीत. मी जव्हारच्या बाजारातून फुलं आणून देतो म्हटलं, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय बदलला.

भात कापून झालं, नाचणी घरात आली. साखरशेतचा कामडी दोनदा विचारून गेला. कणगीच्या तळाला आता एका लहान मडक्यापुरती फुलं होती. आजा त्यांना हात लावायला तयार नव्हता. घालावीत तर पुन्हा आंबट होणार, आणि न घालावीत तर ती बाहेर उभी. केव्हाही त्याला विचारावं तर "उद्या" म्हणे. त्या दिवसांत तो फार वाळला. टेकला की खोडाला चिकटल्यासारखा तासन् तास तिथेच.

एके दिवशी जानकी अंगणातून पाणी घेऊन जात होती. आजाने नवीन मडकं घासून उन्हाला ठेवलं होतं. ती थांबली, डोक्यावरची घागर उतरवली आणि म्हणाली, "ह्यां कुठलां? बुधीचां मडकां कुठं हाय?"

"फोडलां," आजा म्हणाला. "सुतक व्हता ना."

"पान्याचां फोडाचां, भाताचां फोडाचां. दारूचां बी फोडलांस?"

"सगलीच फोडली. मातीची व्हती."

जानकीने कपाळाला हात लावला. ते मडकं बुधीच्या सासूच्या वेळचं होतं, तिने सांगितलं. ते आतून कधी घासत नसत. तळाशी नेहमी आधीच्या खेपेचा गाळ राही, आणि नवीन फुलं त्या गाळावर पडली की दुसऱ्या दिवशी बोलू लागत. दुधाला जसं विरजण लागतं तसं. बुधीला ते शिकवायची गरज कधी पडली नव्हती, कारण गाळ मडक्यात होताच. आणि आजाने तिच्यासाठी म्हणून रीत पाळली होती. त्या मडक्याचे नाल्यात टाकलेले तुकडे पावसाने केव्हाच वाहून नेले होते. मी त्याला पहिल्यांदाच कशालाही न टेकता उभा पाहिला, आणि मला त्याची भीती वाटली.

मग त्याने विचारलं, "तू नसतां फोडलां?"

जानकी घागरीकडे वळली. "मी बी फोडलांच आसतां," ती म्हणाली.

ती घागर उचलून गेली. मला वाटलं, झालं, संपलं. पण थोड्या वेळाने परत आली, हातात एक झाकलेलं गाडगं घेऊन. अंगणात उभी राहूनच तिने सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा तिचं मडकंही बोलत नव्हतं. सासू शिव्या देई. तेव्हा एका दुपारी घरात कोणी नसताना बुधी आली, आपल्या मडक्यातला पळीभर गाळ तिच्या मडक्यात ओतला आणि म्हणाली, कोनाला सांगशील तं जीभ हासडीन. तोच गाळ आजवर तिच्या मडक्यात चालत आला होता, खेपेवर खेप. "सारा जलम मना नावां ठेवली, नी गाळ तिचाच," जानकी म्हणाली. "हां घे. तिचांच हाय. माजां काय नाय त्यात."

आजाने ते गाडगं लगेच घेतलं नाही. जानकीच्या हातची नको, असा शब्द दिलेला. मी बसून होतो, गंग्या येऊन उभा राहिला होता, थैली बदलायची राहिली होती. आजा विचार करत होता, आणि तो विचार करताना किती दमतो ते मी बघत होतो. शेवटी म्हणाला, "फुलां तिची. गाळ तिचा. हात माजा. मंग तुजां काय, जानके? तू नुसती राखन केलीस." जानकी म्हणाली, "मंग मी काय बोलतां?" तिने गाडगं पायरीवर ठेवलं आणि डोळे पुसत घरात गेली.

तळातली फुलं आजाने त्या गाळावर घातली. धुतली नाहीत. घोंगडी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी मडकं बोलत होतं. मी आलो तेव्हा मला पडवीच्या पायरीवरून, कान न लावता ऐकू आलं. आजा तिथे बसून होता, पण या खेपेला मडक्याला टेकला नव्हता, हातभर लांब बसला होता. म्हणाला, "गप. ती सांगतेय कायतरी."

दिसाच्या दिवशी सकाळीच त्याने गाळली. फुलं थोडी, त्यामुळे दारूही थोडी. एक लहान गाडगं जेमतेम भरलं असेल. मी सवयीने जीभ बाहेर काढली. आजाने मान हलवली. स्वतःही त्याने थेंब घेतला नाही. कामडीची गाणी सुरू झाली, पाड्यावरची माणसं अंगणात बसली, आणि आजाने ते गाडगं उचलून उंबऱ्यापाशी ओतलं, अगदी हळू, शेवटच्या थेंबापर्यंत. वास उठला. जानकी बायांच्या घोळक्यात मागे बसली होती. ती एकदम मोठ्याने रडायला लागली. "आली गं बाय, आली," म्हणाली. एवढाच त्या दारूचा दाखला. ती चवीला कशी झाली होती, ते कोणालाही कधी कळलं नाही. पाहुण्यांना जानकीकडची पाजली. तीही चांगली होती. खरं सांगायचं तर बुधी आजीच्या तोडीची होती. ते बोलायचं धाडस त्या दिवशीही कोणी केलं नाही.

मी आजाला विचारलं, "एक थेंब तरी चाखायचा. एवढे महिने केलंस." तो म्हणाला, "मना कशाला? मी कुठं उबा व्हतो?" आणि भिंतीला पाठ लावून झोपी गेला, सगळी माणसं अंगणात असतानाच. इतकी गाढ झोप मी दमलेल्या माणसाचीही पाहिलेली नाही.

तो त्यानंतर फार जगला नाही. थंडी सरता सरता गेला. मला ते गंग्याने सांगितलं, थैली हातात देताना. त्या दिवशी तो माझ्या आधी येऊन बसला होता. मग टपाल होतं म्हणून निघालो. त्या चढावर मी दोनदा थांबलो. रडलो, असं लिहायला लाज कशाला वाटावी? रडलो.

पुढे मोहाची फुलं गळायला लागली. आजाच्या अंगणात पडत होती आणि वेचणारं कोणी नव्हतं. गंग्याची वाट बघताना मी ती वेचू लागलो, काही करायचं म्हणून. जानकीने ते पाहिलं. आजाचा दिस लावायचा होता आणि घरात आता कोणीच उरलं नव्हतं. पाड्यावर बरीच चर्चा झाली, कामडीने कुरकुर केली, कारण मी ना त्यांच्या जातीचा ना पाड्याचा. जानकीने सगळ्यांना गप्प केलं. "त्याचे हातची एवडी कोन प्याला? ह्यो प्याला. मंग ह्योच घरचा," ती म्हणाली. आणि मला म्हणाली, "तुच कर. मी हात लावाची नाय."

मग मी केली. तिने गाळ दिला, चूल आजाचीच होती. जाळ बारीक ठेवला, नळीवर ओला पाला टाकला, जे जे त्याने चुकत चुकत मिळवलं होतं ते सगळं मी आयतं वापरलं. फक्त माझी नोकरी पायांची. मडकं बोलायचं थांबलं त्या दिवशी मी जव्हारला होतो, आणि परत येईपर्यंत वेळ निघून गेली होती. तरी गाळली, द्रोणात घेऊन जिभेला लावली आणि डोळे मिटले. माणसं अंगणात जमली होती. फुलं संपली होती, दुसरी खेप करायला दिवस नव्हते. मी गाडगं हातात धरून जानकीकडे गेलो आणि म्हटलं, "आंबट झालीय. आता काय करू?"

जानकीने वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि पदराने नाक पुसलं.

"वत," ती म्हणाली. "त्याना सवय हाय."